हात धरतो, पण सांगत नाहीं

आमच्या दारव्ह्याच्या घरांत एक जुनी चाल अद्याप टिकून आहे. रात्रीचीं जेवणें आटोपलीं आणि स्वयंपाकघराची झांकपाक झाली, म्हणजे लहानथोर सारीं ओसरीवर येऊन बसतात, आणि ज्यानें दिवसभरांत कांहीं नवें वाचलें वा ऐकलें असेल, त्यानें तें इतरांस सांगावयाचें असतें. वडिलांच्या वेळीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें जाई. आतां मुलें आपापल्या मोबाईलमधून वाचून दाखवितात, एवढाच काय तो फरक. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या अण्णांचा नातू नागपुराहून आला होता. तो तेथें अभियांत्रिकीचा अभ्यास करतो. एके रात्रीं तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "आतां कृत्रिम हातालाहि स्पर्श कळूं लागला आहे! हात तुटलेला माणूस डोळे बांधून सांगतो, कीं बोटांत धरलेली वस्तु मऊ आहे कीं टणक."

बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. ओसरी क्षणभर स्तब्ध झाली. कारण खांबाला टेकून आमचे थोरले बंधु अण्णा बसले होते, आणि अण्णांना उजवा हात कोंपराखालीं नाहीं. आमच्या घरीं हा विषय निषिद्ध होता असें नव्हे. त्याविषयीं कोणी बोलत नसे, इतकेंच.

ज्या वाचकांस आमचा मुलूख ठाऊक नसेल, त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. दारव्हा हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचें. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी जी अरुंद रुळांची आगगाडी लोकांनीं लाडानें 'शकुंतला' म्हणून ओळखली, ती आमच्या गांवावरून जात असे. आतां ती बंद पडली आहे. परंतु एके काळीं ह्या भागाचा कापूस तिच्याच डब्यांतून मोठ्या लोहमार्गापर्यंत पोहोंचत असे. अशा गांवांत ज्याच्या बोटांना कापूस कळतो, त्याला मान असणें साहजिक आहे. तरुणपणीं अण्णांस असा मान होता.

कापसाची पारख डोळ्यांनीं अर्धीच होते. उरलेली अर्धी बोटांनीं करावी लागते. पारखी मनुष्य रुईचा एक लहानसा पुंजका घेतो, तो दोन्ही हातांच्या आंगठ्यांत व तर्जनींत धरून हळूच ओढतो, ओढलेले पदर एकावर एक ठेवून पुन्हां ओढतो. असें चार-पांच वेळां केलें म्हणजे तंतु सरळ होऊन एका ओळींत येतात, आणि धाग्याची लांबी व बळकटी दोन्ही उघड होतात. कापसांत पाणी किती आहे, हें मुठींत दाबल्यानें समजतें. अण्णा हें सर्व बोलतां बोलतां करीत, आणि बहुधा त्यांचा अंदाज चुकत नसे. सन १९८३ च्या हंगामांत येथील एका जिनांत अडकलेला कापूस काढतांना त्यांचा उजवा हात रुळांत सांपडला. तेव्हां ते २९ वर्षांचे होते.

पुढच्या वर्षीं आम्हीं त्यांस पुण्यास नेलें. पुण्यांत सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या जवानांसाठीं सन १९४४ मध्यें तें निघालें. पुढें इतर नागरिकांचीहि सोय तेथें होऊं लागली. अण्णा परत आले ते दोन हात घेऊन. एक सणासमारंभाचा, पांच बोटांचा आणि पाहणाराची नजर चुकविणारा. दुसरा रोजचा. तो म्हणजे थोटकावर चढविण्याची एक खोळ, तिच्या टोंकाला पोलादी आंकडा, आणि पाठीवरून डाव्या खांद्याभोंवतीं गेलेला पट्टा. खांदा जरा पुढें नेला कीं तार ताणली जाऊन आंकडा उघडतो. खांदा सैल सोडला कीं मिटतो. आठ दिवस तो वापरून अण्णा म्हणाले, "हात चांगला आहे. धरतो, पण सांगत नाहीं."

हें वाक्य आम्हीं तेव्हां ऐकलें आणि सोडून दिलें. त्यांत काय सांठवलेलें आहे, हें आम्हांस त्या मुलानें पुढें महिनाभर जें वाचून दाखविलें त्यावरून कळलें. जी वस्तु आपण हातांत धरतों, ती हातालाहि कांहीं कळवीत असते. पेला निसटूं लागला कीं बोटें आपोआप आवळतात. अंडें उचलतांना जोर आपोआप कमी होतो. हा सारा कारभार आपण न पाहतां, न ठरवितां चालतो. कृत्रिम हाताला ही बातमी नसल्यामुळें तें काम डोळ्यांस करावें लागतें. अण्णा चहाचा पेला आंकड्यांत धरतात तेव्हां त्यांची नजर पेल्यावरून हलत नाहीं, हें आम्ही ४० वर्षें पाहत होतों. त्याचें कारण मात्र कधीं मनांत आलें नव्हतें. नवलाची गोष्ट अशी, कीं त्यांचा तो जुनाट आंकडा अगदींच मुका नाहीं. तारेचा ताण डाव्या खांद्याला जाणवतो, आणि त्यावरून पकड कितपत आहे याचा थोडासा अंदाज येतो. उलट स्नायूंच्या विजेवर चालणारे जे महागडे हात पुढें निघाले, ते दिसावयास सुबक खरे, पण मोटारीच्या घरघरीपलीकडे ते आपल्या धन्यास फारसें कांहीं सांगत नसत.

मग नवा शोध कोणता? तर हात गेला तरी त्याचे ज्ञानतंतु थोटकांत जिवंत असतात, आणि मेंदूंत हातासाठीं राखून ठेवलेली जागाहि बरीचशी तशीच राहते, ह्या गोष्टीचा उपयोग करून घेणें. गेलेला हात असल्याचा भास होतो, हें वैद्यांस पूर्वींपासून माहीत होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धांतल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल ह्या डॉक्टरानें त्यास 'भुताचा अवयव' अशा अर्थाचें नांव दिलें. अण्णांस ही पीडा फार होती. नसलेली मूठ रात्रीं घट्ट मिटे आणि नसलेलीं नखें नसलेल्या तळव्यांत रुतत. आम्ही समजत असूं कीं हा मनाचा खेळ आहे, आणि तसें एकदां त्यांस बोलूनहि दाखविलें होतें. डॉ. रामचंद्रन ह्या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञानें अशा रोग्यांसाठीं आरशाचा एक साधा उपाय काढला आहे. आरसा मधोमध उभा करून धड हाताचें प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागीं पाहावयाचें आणि धड हाताची मूठ सावकाश उघडावयाची, म्हणजे पुष्कळदां ती न दिसणारी मूठहि सुटते. नातवानें कपाटाचा आरसा काढून हा प्रयोग अण्णांवर केला. त्या रात्रीं ते स्वस्थ झोंपले. रोज गुण येतो असें नाहीं. पण येतो तेव्हां वहिनींच्या चेहऱ्यावरून आम्हांस तो कळतो.

ह्याच जिवंत ज्ञानतंतूंस कृत्रिम हाताशीं जोडण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. शिकागो येथील डॉ. टॉड कुइकेन ह्यांनीं हाताचे ज्ञानतंतु छातीकडे वळविले, तेव्हां छातीच्या त्या भागास स्पर्श केला असतां रोग्यास आपल्या गेलेल्या हातास कोणी शिवल्यासारखें वाटूं लागलें. सन २०१३ मध्यें रोम येथें डेन्मार्कच्या एका गृहस्थाच्या दंडांतील ज्ञानतंतूंत अति बारीक तारा बसविण्यांत आल्या. कृत्रिम बोटांवर जितका दाब पडे, तितक्या प्रमाणांत विजेचे सूक्ष्म ठोके त्या तारांतून जात. फटाक्याच्या अपघातांत हात गमावलेल्या त्या मनुष्यास डोळे बांधले असतांनाहि वस्तु कठीण आहे कीं मऊ, हें ओळखतां आलें. मात्र सुरक्षिततेच्या नियमानुसार महिन्याभरानें त्या तारा काढून घ्याव्या लागल्या. सिल्व्हेस्ट्रो मिचेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २०१४ मध्यें हें वृत्त प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डस्टिन टायलर ह्यांच्या मंडळीनें तारा ज्ञानतंतूंत न खुपसतां त्यांच्याभोंवतीं कड्यासारखें वेष्टण बसविलें. त्यामुळें हा संबंध वर्षानुवर्षें टिकूं शकला, आणि एका मनुष्यानें चेरीचें फळ न चिरडतां त्याचा देंठ उपटून दाखविला. सन २०१९ मध्यें अमेरिकेंतल्याच युटा विद्यापीठांत एकानें अशा हातानें अंडें न फोडतां उचललें. त्याच वर्षीं झुरिकच्या संशोधकांनीं मांडीपासून पाय गेलेल्या दोघांस तळपायाची व गुडघ्याची जाणीव दिली; त्यांची चाल सुधारली आणि नसलेल्या पायाच्या वेदना कमी झाल्या. सन २०२४ मध्यें तर स्वित्झर्लंड व इटली येथील शास्त्रज्ञांनीं ऊन-थंड कळण्याचीहि सोय केली. बोटाच्या टोंकाशीं असलेलें साधन पाण्याच्या बाटलीची उष्णता टिपतें आणि तितकीच उष्णता थोटकाच्या कातडीवर ठराविक जागीं उमटवितें. तेवढ्यानें मनुष्यास आपलें गेलेलें बोट तापलें वा गार झालें असें वाटतें. ह्यास शस्त्रक्रियाहि लागत नाहीं.

वाचकांनीं उतावळेपणानें असा हात घेण्यास निघूं नये. हे प्रयोग मोजक्या माणसांवर झालेले आहेत, आणि ज्ञानतंतूंत बसवावयाचीं हीं साधनें अद्याप मुख्यतः संशोधकांच्याच हातीं आहेत. विजेनें उठविलेली जाणीव पुष्कळदां मुंग्या आल्यासारखी असते. आपल्या बोटांस रेशीम व गोणपाट यांतला जो भेद सहज कळतो, त्यापासून ती अजून दूर आहे. दुसरा मार्ग दात्याचा हात बसविण्याचा. मुंबईंत घाटकोपर स्थानकावर सन २०१४ मध्यें दोन्ही हात गमावलेल्या एका मुलीस सन २०२० मध्यें मुंबईंतच दोन्ही हात बसविण्यांत आले. त्या हातांत रोग्याचे स्वतःचे ज्ञानतंतु दिवसाला सुमारें १ मिलिमीटर ह्या गतीनें वाढत जातात, आणि स्पर्श हळू हळू परत येतो. पण शरीरानें परका हात नाकारूं नये म्हणून औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. अण्णांचें वय आतां सत्तरीपलीकडे गेलें आहे. त्यांच्यासाठीं ह्यांपैकीं कांहीं होईल, अशी आशा आम्ही धरीत नाहीं.

हें सर्व ऐकत असतां आम्हांस आमच्या विदर्भांतल्याच एका जुन्या दुःखाची आठवण झाली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण ह्यांनीं सन १९३६ मध्यें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. अमरावतीचें तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं उभारलें आणि वरोऱ्याचें आनंदवन बाबा आमट्यांनीं. आमचे वडील तपोवनास जाऊन आले होते. तेथील एकास चुलीवरचें भांडें उघड्या हातानें उतरवितांना त्यांनीं पाहिलें. तळवा भाजत होता आणि त्या मनुष्यास त्याचा पत्ताहि नव्हता. बोटें झडतात तीं रोगानें कुजून, असाच पूर्वीं समज असे. वेल्लोर येथें सन १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, रोग ज्ञानतंतु मारतो, आणि मग न कळणाऱ्या जखमा बोटें खातात. कित्येकांचीं बोटें तर झोंपेंत उंदीर कुरतडीत. म्हणजे एकाला हात नाहीं, पण त्याची जाणीव आहे; दुसऱ्याला हात आहे, पण जाणीव नाहीं. वेदनेला आपण शत्रु मानतों. परंतु ती हाताची राखणदारीण आहे.

असो. सुटी संपत आली तेव्हां नातवानें धीर करून विचारलें, "आजोबा, असा हात मिळाला, तर पहिल्यानें कशाला लावाल?" आम्हां सर्वांस वाटलें, अण्णा कापसाचें नांव घेतील. अण्णा हंसले. "कापूस पाहावयास आतां यंत्रें आलीं," ते म्हणाले. मग सदऱ्याची मोकळी बाही वर सारून त्यांनीं थोटुक पुढें केलें. "बाळ, नव्या हाताचें मागाहून पाहूं. ह्याला अजून सगळें कळतें. ऊन कळतें, वारा कळतो, माशी बसली तर कळतें. पण तुझ्या आजीखेरीज ह्याला कोणीं कधीं हात लावला नाहीं."

त्यांनीं हें रागानें म्हटलें नाहीं. म्हणूनच आम्हांस तें अधिक लागलें. आमच्या लक्षांत आलें कीं, आम्ही त्यांच्याबरोबर चालतों ते नेहमीं डाव्या बाजूनें. पंगतींत त्यांच्या उजव्या हाताचा पाट कोणी आपण होऊन घेत नाहीं. आणि ह्याहून मोठी एक गोष्ट आठवली, जी आम्हीं आजवर कोणापाशीं उघड केली नव्हती.

सन १९९१ मध्यें वडील वारले. थोरले चिरंजीव अण्णा. तेव्हां क्रियेचा अधिकार त्यांचा. परंतु उपाध्याय व जमलेली वडीलधारी मंडळी यांनीं असें काढलें कीं, पितरांस उदक द्यावयाचें तें उजव्या हाताचा आंगठा व तर्जनी ह्यांच्यामधून, म्हणजे पितृतीर्थानें. ज्यास तो हातच नाहीं, त्यानें तें कसें द्यावें? धाकट्यानें बसावें, हें बरें. धाकटे म्हणजे आम्ही. आम्ही मुकाट्यानें पाटावर बसलों. अण्णांस एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. पुढें दरवर्षीं पितृपक्षांत वडिलांच्या तिथीस अण्णा पहांटे उठून दर्भ, तीळ, ताम्हन, पळी सारें डाव्या हातानें मांडून ठेवीत आणि आम्ही बसलों म्हणजे खांबापाशीं जाऊन उभे राहत. शास्त्राची अडचण होती, अशी आम्हीं आमच्या मनाची समजूत घातली होती. खरें सांगावयाचें तर, थोरलेपणाचा तो मान आम्हांस आवडूं लागला होता.

यंदा तिथीच्या आदल्या रात्रीं आम्हीं म्हटलें, "अण्णा, उद्यां पाटावर तुम्ही बसा."

"आतां काय तें?" अण्णा म्हणाले. "आणि हात कोठें आहे?"

माजघराच्या उंबऱ्यांतून वहिनी बोलल्या, "रोज सकाळीं तुळशीला पाणी कशानें घालतां?"

ह्यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. ४० वर्षें अण्णा आंकड्यांत पळी धरून तुळशीस पाणी घालीत आले आहेत, आणि आम्ही तें रोज पाहत आलों आहों. आतांचे उपाध्याय तरुण आहेत. त्यांस विचारलें तेव्हां ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पळी सुतानें बांधून घ्या, म्हणजे घसरणार नाहीं." घरांतल्या एका वृद्ध आत्याबाईंस हें रुचलें नाहीं, आणि तसें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. तथापि त्या उठून गेल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं एक नवीच अडचण उभी राहिली. खोळ चढविण्यापूर्वीं थोटकावर एक सुती मोजा घालावा लागतो, आणि तें काम रोज वहिनी करीत. पण त्या दिवशीं त्या सोंवळ्यांत स्वयंपाकाला होत्या. तेव्हां मोजा आम्हीं घातला. थोटुक आमच्या कल्पनेहून मऊ आणि उबदार होतें. टोंकाशीं कातडी जरा थरथरत होती. मोजा वर ओढतांना आम्ही फार जपून ओढीत होतों. अण्णा म्हणाले, "घट्ट ओढ. दुखत नाहीं." नंतर अपसव्य करतांना त्यांचें जानवें पट्ट्यांत अडकलें, तेंहि आम्हींच सोडविलें. पवित्रक कोणत्या बोटांत घालावें, असा प्रश्न निघाला. उपाध्यायांनीं तें आंकड्याला गुंडाळून दिलें, आणि मंडळींत थोडें हंसूं पिकलें. अण्णाहि हंसले.

तर्पणाच्या वेळीं आम्ही त्यांच्या उजव्या अंगास बसलों होतों. अण्णांनीं वडिलांचें नांव-गोत्र उच्चारून पळी कलती केली. एरवीं त्यांची नजर आंकड्यावरून ढळत नाहीं; परंतु त्या वेळीं त्यांनीं डोळे मिटले होते. तिळाचें पाणी पळीच्या कडेवरून ताम्हनांत पडलें. अण्णांस तें कळावयास मार्ग नव्हता. त्यांनीं डोळे न उघडतां हळूच विचारलें, "पडलें कां रे?"

आम्हीं म्हटलें, "पडलें, अण्णा."

पळी पुन्हां दोनदां कलती झाली, आणि दोन्ही वेळां त्यांनीं विचारलें, आणि आम्हीं सांगितलें.